वाडी कोणत्या महिन्यात मोजायची?



आपल्या पेण किंवा रोहा तालुक्यातल्या एखाद्या आदिवासी वाडीत किती माणसे राहतात? प्रश्न साधा आहे. ग्रामसेवकाला विचारा, तो २०११ च्या जनगणनेचा आकडा सांगेल. तोही वाडीचा नसतो, ज्या महसुली गावात वाडी मोडते त्या गावाचा असतो. अंगणवाडीताईंच्या रजिस्टरात दुसरा आकडा असतो. रेशन दुकानात तिसरा, मतदारयादीत चौथा, शाळेच्या पटावरून अंदाज बांधला तर पाचवा. आणि वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारले, तर तो आधी आपल्यालाच विचारतो: कधीची माणसे सांगू? पावसाळ्यातली, का वीटभट्टीच्या दिवसांतली?

मला आज जे सांगायचे आहे ते या उलट प्रश्नात आहे. वाडीची लोकसंख्या म्हणून आपण जो आकडा छापतो, तो वाडीत राहणाऱ्या माणसांचा नसतो. फेब्रुवारी महिन्यात वाडीत राहणे ज्यांना शक्य झाले, त्यांचा असतो. या दोन आकड्यांत जे अंतर पडते, त्या अंतरात रस्ता अडकतो, अंगणवाडी अडकते, शाळा अडकते. एखाद्या काळरात्री त्या अंतरात माणसेही अडकतात. ते मी पुढे सांगेन.

आधी आपला जिल्हा डोळ्यांसमोर घेऊ. २०११ साली रायगडची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार २०० होती. पेण तालुका १ लाख ९५ हजार ४५४, रोहा तालुका १ लाख ६७ हजार ११०. आणि एकटा पनवेल तालुका? ७ लाख ५० हजार २३६. पंधरा तालुक्यांचा जिल्हा, त्यातला एक तालुका चौथ्या हिश्श्याहून अधिक. जिल्ह्यातले तीन लाखांहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, म्हणजे शंभरात साधारण बारा. कातकरी, ठाकर, महादेव कोळी. कातकरी समाज केंद्र सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गटात येतो. देशात असे ७५ गट आहेत, महाराष्ट्रात तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००१ साली राज्यात कातकऱ्यांची नोंद २ लाख ३५ हजारांच्या घरात होती, २०११ साली २ लाख ८५ हजारांच्या घरात. म्हणजे समाज वाढतो आहे. कातकरी संपत चालले आहेत, असे हळहळून बोलणारी पुष्कळ माणसे भेटतात. आकडे तसे म्हणत नाहीत. समाज आहे, वाढतो आहे, फक्त आपण ज्या दिवशी दार ठोठावतो त्या दिवशी तो घरी नसतो.

का नसतो? त्यासाठी वाडीचे वर्ष समजून घ्यावे लागेल, आणि मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मोजणीचे सगळे गणित या वर्षावर उभे आहे.

वाडीचे वर्ष मृगापासून धरा. पाऊस पडायच्या बेताला माणसे परत आलेली असतात. झोपडी शाकारायची, कुडाला लिंपायचे. मग गावातल्या शेतकऱ्याकडे भाताच्या लावणीची मजुरी. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे, रात्री बत्ती घेऊन पकडलेल्या चिंबोऱ्या, रानातली शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी. पेणच्या बाजारात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांवर वाटे मांडून बसलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आषाढ, श्रावण, भाद्रपद, या महिन्यांत वाडी भरलेली असते. म्हातारे, तरणे, लेकरे, बाळंतिणी, सगळी माणसे घरात. गौरी-गणपती होतात. भात कापणीला येते, कापणीची मजुरी मिळते. आणि दिवाळी झाली की रानातले काम संपते.

मग मुकादम येतो. खरे तर तो आधीच येऊन गेलेला असतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी असते, कोणाचे लग्न ठरलेले असते, तेव्हा त्याने उचल दिलेली असते. ती उचल फेडायला जोडपे वीटभट्टीवर जाते. नवरा-बायको मिळून एक जोडी, तिच्यावर हिशेब. माती कालवायची, विटा पाडायच्या, वाळवायच्या, रचायच्या. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यावर पोट भरायचे. हंगाम संपला की पाडलेल्या विटांतून उचल आणि खर्ची वजा होते. उरले तर हातात येते, नाही उरले तर पुढच्या वर्षाची उचल आजच डोक्यावर बसते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्या कायद्याची भाषा समोर ठेवून भट्टीवरचे अनेक हिशेब वाचले तर काय दिसेल, ते या सभागृहातल्या वकील मंडळींनी स्वतः पाहावे, अशी माझी विनंती आहे.

भट्टी कुठे असते? कधी पेण तालुक्यातच, कधी पनवेल, कल्याण, भिवंडीकडे. काही कुटुंबे कोळसा पाडायला घाटावर जातात, काही थेट कर्नाटकात. लेकरे सोबत जातात, कारण मागे सांभाळणार कोण? भट्टीवर विटांच्या आडोशाने आणि पेंढ्याने उभारलेल्या खोपटाला भोंगा म्हणतात. ठाणे-पालघर भागात विधायक संसदेने अशा मुलांसाठी भट्टीवरच शाळा सुरू केल्या, तेव्हा त्यांना भोंगाशाळा हेच नाव दिले. शिमग्याला काही जण घरी येऊन जातात. नाही तर थेट मे अखेरीस, पाऊस तोंडावर आला की परत.

आता पनवेलचा तो साडेसात लाखांचा आकडा पुन्हा आठवा. त्या माणसांची घरे कशाची आहेत? खारघर, कामोठे, कळंबोलीच्या भिंतींत वीट कोणाच्या हातची आहे? पनवेलचा वाढता आकडा आणि आपल्या वाडीचा हिवाळी रितेपणा या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात. त्या एकाच बातमीच्या दोन बाजू आहेत.

आता मोजणीकडे वळू. आपल्या देशात सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासून आजवर जनगणना फेब्रुवारी-मार्चच्या आसपास होत आली आहे. १९३१ पर्यंत ती एका रात्रीत होत असे. प्रगणकाला दारोदार हिंडता यावे म्हणून चांदण्या रात्री पाहिल्या जात. हंगाम निवडण्यामागे विचार होता: पाऊस नाही, रस्ते कोरडे, पिके निघालेली, शेतकरी घरी. विचार चुकीचा नव्हता. पण तो कोणाच्या वर्षावरून केला होता? जमीनवाल्या शेतकऱ्याच्या. ज्याची खळी भरली तो घरी बसलेला असतो. ज्याच्याकडे खळेच नाही तो त्याच महिन्यात घराबाहेर पडलेला असतो. शेतकऱ्याच्या विसाव्याचा महिना हा कातकऱ्याच्या कष्टाचा ऐन महिना. एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ आपण हा महिना बदललेला नाही.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे शिमग्याला परतणारी कुटुंबेही मोजणीनंतरच आली. नियम असा होता की या वीस दिवसांत जो माणूस एकदाही घरी नव्हता, त्याला घरच्या पत्त्यावर मोजायचे नाही. तो जिथे असेल तिथे मोजायचा. नियम म्हणून हे बरोबरच आहे, नाही तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण या नियमाची दुसरी बाजू पाहा. भट्टीवर कोणी गेले का? माळरानावर, खाडीकाठी, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या भट्टीवर प्रगणक पोचला का? पोचला तर भट्टीमालकाने सगळी माणसे दाखवली का? ज्याने उचलीवर माणसे बांधून आणली आहेत, त्याला सरकारी माणसाने भोंग्यात डोकावलेले आवडेल का? आणि कर्नाटकात कोळसा पाडणाऱ्या कुटुंबाने आपली जमात सांगितली, तर ती लिहून घेणाऱ्याला कळली का? अनुसूचित जमातीची नोंद ज्या राज्यात मोजणी होते त्या राज्याच्या यादीप्रमाणे होते. हा बारकावा आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण सरहद्द ओलांडून पोट भरणाऱ्या समाजासाठी तो क्षुल्लक नाही.

समजा प्रगणक भट्टीवर पोचला आणि त्याने सगळ्यांना नीट मोजले. तरीही ती माणसे कुठे लागली? भिवंडीच्या एखाद्या गावाच्या खात्यावर. देशाच्या बेरजेत ती आहेत, राज्याच्या बेरजेत आहेत. आपल्या वाडीच्या बेरजेत नाहीत. दिल्लीला ती सापडली, वाडीने ती गमावली.

यावर कोणी म्हणेल, आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडले काय? फार बिघडते. कारण आपल्याकडे सोयी मिळतात त्या आकड्यांच्या उंबरठ्यावर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली. तिचा नियम असा की ५०० वस्तीच्या वर रस्ता. डोंगरी राज्ये, वाळवंटी भाग आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली आदिवासी क्षेत्रे यांना २५० ची सवलत. आदिवासी भागात अंगणवाडी ३०० लोकसंख्येपासून, मिनी अंगणवाडी १५० पासून. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की ती शाळा चालवायची का, असा प्रश्न मंत्रालयात निघतो. तो २०२२ साली निघालाच होता, आणि पुढे समूह शाळांची कल्पना आली. १६० माणसांची वाडी फेब्रुवारीत ९० ची दिसली तर तिची मिनी अंगणवाडी कागदावरच गळते. भट्टीवर गेलेली आठ मुले पटावर नसली तर शाळा वीसच्या खाली येते. एक-दोन कुटुंबांनी भट्टी बदलली, एवढ्यानेही वाडी उंबरठ्याच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते.

आणि पाचव्या अनुसूचीचे काय? इथे बसलेल्या अनेकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून ठासून सांगतो. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्र तेरा जिल्ह्यांत आहे. शेजारच्या ठाण्यात आहे, पालघरमध्ये आहे, घाटावर पुण्यात आहे, नाशिकमध्ये आहे. रायगडमध्ये एक गाव नाही. म्हणजे १९९६ चा पेसा कायदा, त्यातले ग्रामसभेचे हक्क, हे पेणच्या किंवा रोह्याच्या वाडीला लागू नाहीत. सह्याद्रीच्या एकाच रांगेवर, एकाच समाजाच्या दोन वाड्या. उत्तरेकडच्या वाडीला ग्रामसभेचा हक्क, दक्षिणेकडच्या वाडीला नाही.

असे का झाले? कारण अनुसूचित क्षेत्र ठरवताना सलग प्रदेशातले आदिवासींचे प्रमाण पाहिले जाते, आणि रायगडमधला आदिवासी सलग प्रदेशात राहत नाही. तो विखुरलेला आहे. प्रत्येक मोठ्या गावाच्या शिवेवर, डोंगराच्या उतारावर, वीस, तीस, पन्नास घरांची वाडी. बाराशे वस्तीच्या महसुली गावात दीडशे माणसांची वाडी धरा: प्रमाण साडेबारा टक्के. वाडीत उभे राहून मोजा: शंभर टक्के. माणसे तीच, जमीन तीच. रेघ कुठे आखली यावर टक्केवारी ठरते, आणि टक्केवारीवर हक्क ठरतात. जनगणनेचे गावनिहाय आकडे महसुली गावाचे असतात. वाडीचा वेगळा आकडा तुम्ही कितीही शोधला तरी छापील तक्त्यात हाती लागत नाही. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे आणि पाच-सहा वाड्या एकत्र असतात, तिथे तर वाडी आणखी दिसेनाशी होते.

म्हणून २०२३ सालच्या १५ नोव्हेंबरला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेचे मी मनापासून स्वागत केले. ती विशेष दुर्बल गटांसाठी आहे, आणि तिने रस्त्यासाठी वस्तीची अट शंभरावर आणली. गावाऐवजी वस्ती हे मोजमाप धरले, ही या योजनेतली सर्वांत मोठी गोष्ट. रक्कम मोठी आहे, चोवीस हजार कोटींच्या वर, पण मला रकमेपेक्षा हा बदल मोलाचा वाटतो. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. वस्तीनिहाय पाहणीची कागदपत्रे तिथे जमत असतील, तर ती ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागली पाहिजेत. ज्याची मोजणी झाली त्याला आपला आकडा वाचता आला पाहिजे.

आता लहान गावाच्या आकड्यांविषयी थोडे. मी संख्याशास्त्राचा शिक्षक, हा भाग मला टाळता येणार नाही.

रायगडमध्ये २०११ साली हजार पुरुषांमागे ९५९ स्त्रिया होत्या. लाखो माणसांच्या जिल्ह्यात हा आकडा काही सांगतो. आता एक वाडी घ्या. समजा शंभर पुरुष, शहाण्णव स्त्रिया. प्रमाण ९६०. दोन विधवा बहिणी भावाकडे राहायला आल्या, दोन तरुण भट्टीवर गेले, की प्रमाण थेट हजारावर. समाजात काही बदलले का? काहीच नाही. बालमृत्यूचा दर तर आणखी फसवा. दोनशे वस्तीच्या वाडीत वर्षाला चार-पाच बाळे जन्मतात. एक बाळ दगावले तर हजारी दर दोनशे किंवा त्याहून वर दिसतो. पुढच्या वर्षी एकही दगावले नाही तर शून्य. पहिल्या वर्षी अधिकाऱ्यांची धावपळ होते, दुसऱ्या वर्षी पाठ थोपटली जाते. दोन्ही व्यर्थ आहे. लहान वाडीत दर काढायचा नसतो, माणूस पाहायचा असतो. ते एक बाळ कोणाचे, कशाने गेले, आई बाळंतपणाच्या आधी भट्टीवर होती का, तिला तपासले कोणी, एवढे विचारले तर दहा तक्त्यांपेक्षा अधिक कळते. अनेक वाड्यांची, अनेक वर्षांची बेरीज केली तरच दराला अर्थ येतो. आणि तशी बेरीज करायची तर वाडीचा आकडा वेगळा ठेवावा लागतो. पुन्हा तिथेच आलो.

वयाचेही असेच. शाळेच्या दाखल्यांवर एक जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, ते पाहा. गुरुजींनी घातलेली तारीख ती. म्हातारी माणसे वय वर्षांत सांगत नाहीत, घटनांत सांगतात. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली पोटात होती, म्हणजे १९६७ चा डिसेंबर. नागोठण्याला अंबेचा पूर आला तेव्हा धाकटा रांगत होता, म्हणजे १९८९ चा जुलै. असे विचारले तर वय बिनचूक निघते. पण त्याला बसून बोलावे लागते, आणि प्रगणकाला दिवसात अनेक घरे उरकायची असतात. मग तो अंदाजे पन्नास लिहितो, साठ लिहितो. तक्त्यात पन्नाशी आणि साठीला माणसांचे ढीग दिसतात, मधली वर्षे ओस. वय चुकले की निराधार पेन्शन चुकते, मुलीच्या लग्नाचे वय चुकते.

आणि जन्माची नोंद? १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याने जन्मदाखल्याला फार मोठे महत्त्व आले आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायचे, पुढे मतदार व्हायचे, तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखला लागणार. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. भोंग्यात जन्मलेल्या बाळाची नोंद कोण करणार? भट्टीमालक? आई-बाप पावसाळ्यात वाडीत परतले की इथला ग्रामसेवक म्हणतो, जन्म तिकडचा, दाखला तिकडून आणा. तिकडच्या गावाचे नावही आईला धड माहीत नसते. तिला मुकादमाचे नाव माहीत असते. अशी मुले आज आपल्या वाड्यांवर वाढत आहेत, आणि ती मोठी होतील तेव्हा आपण त्यांच्याकडेच पुरावा मागू.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. ठाकरांची वाडी. आपल्या पेणपासून ती काही दूर नाही. रात्री दरड कोसळली आणि वाडीतली बरीच घरे गाडली गेली. पहाटे मदत पथके अंधारात, पावसात, चिखलातून चढून गेली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती, माणसे हातांनी माती उपसत होती. आणि त्या वेळी सगळ्यांत आधी कोणता प्रश्न आला? वाडीत किती माणसे होती? कोण आत, कोण बाहेर? प्रशासनाच्या नोंदीत ४३ कुटुंबे, २२८ माणसे. पण त्या रात्री त्यांतली आत किती होती, हे जुळवायला दिवस गेले. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली.

मी ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. मदतीला धावलेल्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. मला दाखवायचे आहे ते हे: दरड कोसळते जुलैत. पूर येतो जुलैत. साप चावतो, काविळीची साथ येते, घरातला दाणा संपतो, सगळे पावसाळ्यात. ज्या महिन्यांत वाडी माणसांनी भरलेली असते त्याच महिन्यांत तिच्यावर संकट येते, आणि त्या भरलेल्या वाडीचा आकडा कुठल्याही कार्यालयात नसतो. पेणच्या पूर्वेचे डोंगर पाहा, सुकेळी खिंडीच्या दोन्ही अंगांचे उतार पाहा, रोह्याला कुंडलिकेच्या खोऱ्यावर चढलेल्या वाड्या पाहा. उद्या पहाटे तोच प्रश्न इथे विचारला गेला तर उत्तर कोणाकडे आहे?

जमिनीविषयी बोलल्याशिवाय लोकसंख्येविषयी बोलता येत नाही, कारण माणूस घर सोडून का जातो याचे उत्तर जमिनीत आहे. कातकरी पूर्वी खैराचा कात पाडत. जंगल सरकारचे झाले आणि तो धंदा मोडला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याची झळ या समाजाला बसली. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसाची भीती पिढ्यांनी जपली. अनेक वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत, कारण कोण्या जमीनदाराने कधीकाळी राखणीला, मजुरीला माणसे हाताशी हवीत म्हणून त्यांना तिथे बसवले. आता त्या जागेला भाव आला. मुंबई-गोवा महामार्ग, धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा कारखाना, आणि आता पेण, उरण, पनवेलकडे सरकणारे नवे शहर. कर्जतच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी कातकरी वाड्यांच्या या हुसकावणीवर वाड्यांतल्या लोकांना सोबत घेऊन काम केले आणि ते २०१३ साली पुस्तकरूपाने आले. माणगावकडे सर्वहारा जन आंदोलनाने वर्षानुवर्षे हाच प्रश्न लावून धरला. वाडीला गावठाण नाही, घराखालच्या जमिनीचा कागद नाही. कागद नाही म्हणून पक्के घर नाही, पक्के घर नाही म्हणून घराला कुलूप लावून सहा महिने जाणे सोपे. मागे अडकवून ठेवणारे काही नाही.

पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, भूसंपादनावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतले गेले. देशात अशी गोष्ट क्वचित घडते, आणि पेणच्या शेतकऱ्यांनी ती घडवून आणली याचा मला अभिमान आहे. पण मत विचारले गेले ते शेतजमिनीच्या मालकांना. त्याच शेतांत लावणी करणाऱ्या वाडीचे मत काय होते, ते विचारण्याची सोय त्या जनमतात नव्हती. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, याच तालुक्यातल्या गागोद्याचा. ज्या माणसाने १९५१ पासून देशभर पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली, त्याच्या जन्मभूमीतल्या भूमिहीनाला घरापुरती जागा मिळावी, एवढी अपेक्षा आपण ठेवायला हरकत नाही.

आता पुढे काय? २०२१ ची जनगणना झालीच नाही. रेशनचा कोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवर चालतो. तेव्हा तान्ही असलेली मुले आज वीट उचलतात. पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख, आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. होळी पुन्हा मोजणीनंतर, मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. महिना बदलणे आपल्या हातात नाही. पण तीन गोष्टी आहेत.

पहिली, मोजणी भट्टीवर पोचवणे. वीटभट्टीला माती लागते, माती गौण खनिजात येते, तिची परवानगी आणि स्वामित्वधन तहसील कार्यालयात जाते. म्हणजे परवानाधारक भट्ट्यांची यादी सरकारकडे आधीच आहे. पेण, रोहा, पनवेल, कल्याण, भिवंडी, या तालुक्यांच्या याद्या प्रगणकांच्या हातात द्या, आणि बिनपरवाना भट्ट्या तलाठ्याला तोंडपाठ असतात, त्याही त्यात घाला. प्रत्येक भट्टी कोणाच्या तरी प्रगणन गटात पडली आहे, हे जानेवारीतच तपासता येईल.

दुसरी, वाडीची स्वतःची मोजणी श्रावणात. तिला दिल्लीची परवानगी नको. ग्रामपंचायत, अंगणवाडीताई, आशाताई आणि वाडीतले शिकलेले दोन तरुण, एवढी माणसे पुरतात. घरे किती, एका चुलीवर जेवणारी माणसे किती, कोण कोणत्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, सोबत लेकरे किती, गरोदर बाई आहे का, कोणाचा जन्मदाखला राहिला आहे. सानेगावच्या आश्रमशाळेत किंवा दुसरीकडे राहणारी मुले कोणती. वही ग्रामपंचायतीत राहील, एक प्रत वाडीत, एक तहसीलदारांच्या आपत्ती कक्षात. दिवाळीनंतर जाणाऱ्याची नोंद, परत आलेल्याची नोंद.

तिसरी गोष्ट या सभागृहातल्या माणसांसाठी आहे. आज इथे बसलेल्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. २०२७ च्या मोजणीत प्रगणक म्हणून आपल्यापैकीच अनेकांची नेमणूक होईल. वाडीत जाल तेव्हा कुलूप लागलेल्या, नाही तर दाराला नुसती काटी आडवी लावलेल्या घरापुढे थांबा. शेजारच्या म्हातारीला विचारा, हे कुठल्या भट्टीवर गेले? ती सांगेल. मग त्या गावाच्या प्रगणकाला फोन करा, त्याच्या यादीत ही भट्टी आहे का आणि या नावाचे कुटुंब त्याला भेटले का, ते विचारा, आणि वाडीच्या वहीत त्या घरापुढे उत्तर लिहून ठेवा.